लाल डबा, राखाडी डबा आणि आत्याची झोप

"लाल डबाच न्यायचा. विषय संपला," असं म्हणून काकांनी जेवणाच्या टेबलावरच्या डब्याला शर्यतीच्या घोड्याला मारावी तशी थाप मारली.

विषय अर्थातच संपला नव्हता. या घरात काका "विषय संपला" म्हणाले, की विषयाला खरी सुरुवात व्हायची.

टेबलावर दोन डबे शेजारी शेजारी बसले होते. लाल डबा भलताच ऐटबाज होता. कोपऱ्यांना काळं रबर, वर जाडजूड कडी आणि बटण दाबलं की समोर निळे-जांभळे दिवे नाचायचे. राखाडी डबा त्याच्या निम्माही नव्हता. त्याच्या तोंडावर एक छोटा पडदा होता आणि वायरी लावायला चार-दोन भोकं, एवढाच त्याचा थाट. दुकानदाराने दोन्ही डबे घरी वापरून बघायला दिले होते. उद्या संध्याकाळी एक ठेवायचा आणि एक परत करायचा होता.

"याला पॉवर स्टेशन म्हणतात," काकांनी जाहीर केलं.

"पॉवर स्टेशन तर धरणावर असतं," शंका म्हणाली.

शंका ही काकांची मुलगी. वय वर्षं दहा. खरं नाव आता फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं, कारण जगातली कुठलीही गोष्ट तिला पहिल्या फटक्यात पटत नसे. काकांनी मग तिला समजावलं, की हे धरण आपण हातात धरून न्यायचं. आत मोठी बॅटरी असते. ती घरी भिंतीच्या प्लगला लावून भरायची आणि जिथे वीज नाही तिथे याच डब्याला आपले प्लग लावायचे. तंबूत उपयोगी आणि घरची वीज गेली तरी उपयोगी.

सुट्टीसाठी शंकाकडे तिची दोन चुलत भावंडं आली होती. थोरली ताई तेरा वर्षांची. ती बोलण्याआधी विचार करायची आणि त्यामुळे मोठ्या माणसांना तिचा जरा धाकच वाटायचा. तिच्या धाकट्या भावाचं नाव मीटर. एकदा तोंड सुरू झालं, की टॅक्सीच्या मीटरसारखं ते पळतच राहायचं, म्हणून मीटर.

परवा पहाटे सगळे तळ्याकाठी तंबू ठोकायला निघणार होते. दोन रात्री तिथेच मुक्काम. गेल्या सुट्टीतही ते गेले होते, पण ती सहल पार फसली होती, कारण आत्या आली नव्हती.

आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. त्यांच्याच घरी राहायची आणि पोहायला शिकवायची. तिने काठावरून हाक मारली, की पाण्याखालच्या माणसालाही ऐकू जाते, असं मीटरचं म्हणणं होतं. आत्या नाही तर घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही, असा घरचा नियम होता. त्यामुळे गेल्या वर्षी तिन्ही मुलांनी तळ्याकाठी बसून तळं फक्त बघितलं होतं.

आत्या न येण्याचं कारण तिच्या उशाशी ठेवलेलं असायचं. झोपेत तिचा श्वास मधूनमधून अडतो, असं डॉक्टरांना आढळलं होतं. तेव्हापासून रोज रात्री ती नाकावर एक मुखवटा बांधायची. मुखवट्याला नळी, नळीच्या टोकाला एक छोटं मशीन आणि ते रात्रभर हलकेच हवा सोडत राहायचं. मशीनला वीज लागते आणि तळ्याकाठी विजेचा पत्ता नाही. पण तेवढंच कारण नव्हतं, हे ताईने ओळखलं होतं. घरी पाहुणे आले, की आत्या मशीनवर टॉवेल टाकायची. एवढी दणदणीत बाई, पण त्या मशीनची तिला लाज वाटायची.

यंदा काहीही होवो, आत्याला न्यायचंच, असं तिघांनी पक्कं ठरवलं होतं.

"लाल डबा मशीनला रात्रभर पुरेल?" ताईने विचारलं.

"पुरेल म्हणजे काय. मी दुकानदाराला तोंडावर विचारलंय, रात्रभर चालेल का. तो म्हणाला, चालेल."

"आणि राखाडी?"

"त्याचं काय विचारायचं? बघ ना, केवढासा आहे तो."

काकांनी मग लाल डब्यावरची सगळी बटणं एकेक करून दाबून दाखवली. दिवे नाचले, कुठेतरी पिपाणी वाजली आणि पडद्यावर एक हिरवं पान उमटलं. पान म्हणजे पर्यावरणाला चांगलं, असं सांगून काकांनी ते तसंच राहू दिलं.

चाचणी दुपारच्या झोपेत घ्यायची ठरली. आत्याने मुखवटा चढवला. हवा चांगलीच तापली होती, म्हणून मशीनमधलं हवेला ऊब देणारं बटण तिने बंद ठेवलं. लाल डब्याला प्लग लागला, मशीन सुरू झालं आणि आत्या भिंतीकडे तोंड करून झोपली. मुलं दाराबाहेर मांडी घालून बसली. डबा मात्र वायर लांब ओढून दाराशीच ठेवला होता, म्हणजे पडद्यावर लक्ष ठेवता येईल.

थोड्या वेळाने आत धडपड ऐकू आली आणि आत्या बाहेर आली. मुखवटा कपाळावर, केस विस्कटलेले आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

"हवा बंद झाली. कुणी बंद केलं हे?"

डबा खरंच बंद होता. काका धावत आले. त्यांनी बटण दाबलं तर पडदा पुन्हा उजळला आणि बॅटरी जवळजवळ भरलेली दिसली. म्हणजे वीज संपली नव्हती. मग बंद कोणी केलं? सगळ्यांच्या नजरा मीटरकडे वळल्या. सकाळपासून जांभळे दिवे लावत आणि विझवत कोण बसलं होतं, ते घरभर माहीत होतं.

"मी हातसुद्धा लावला नाही," मीटर म्हणाला. काकांनी "हं" केलं. त्या "हं"चा अर्थ लहान मुलालाही कळला असता.

काकांनी मीटरला स्वयंपाकघरात बसवून ठेवलं आणि आत्याला पुन्हा झोपायला लावलं. डबा पुन्हा बंद पडला. या वेळी मीटरवर संशय घेता येईना, म्हणून काका डब्यावर चिडले, मग वायरीवर चिडले आणि शेवटी कुणावर चिडावं ते न कळून चहा करायला गेले.

आत्या चिडली नाही. तेच वाईट होतं. तिने पलंगाखालून सहलीची पिशवी ओढली, त्यातून पोहण्याचा पोशाख आणि टोपी काढली आणि घडी करून कपाटात ठेवून दिली.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "मला काम आहे."

कपाटाचं दार लागलं. मीटर तर गप्पच झाला होता आणि त्याला गप्प बघण्याची घरात कुणालाच सवय नव्हती.

"माझ्यावर आळ आलाय," तो शेवटी म्हणाला. "आणि आत्या येत नाहीये. म्हणजे डबल नुकसान."

"मग शोधू या ना, कोण बंद करतंय ते," ताई म्हणाली.

तिघांनी लाल डबा उचलून गॅलरीत नेला. दोघांना धरावा लागला, इतका तो जड होता. आधी त्यांनी त्याला टेबलफॅन लावला. फॅन गरगरत राहिला. शंकाच्या दोन वेण्या उडत राहिल्या, पण डबा काही बंद पडेना. मग फॅन काढून शंकाच्या खोलीतला रात्रीचा बारीक दिवा लावला. कुणी कुणावर आळ घेऊ नये म्हणून तिघांनी आपापले हात मांडीखाली दाबून ठेवले. मीटरच्या नाकावर माशी बसली तरी त्याने हात काढला नाही. बसल्या बसल्या तिघं दिव्याकडे बघत राहिले आणि एकदम दिवा विझला. डबा बंद.

"भूत," मीटर म्हणाला.

"भुताला फॅन चालतो आणि दिवा चालत नाही?" शंकाने विचारलं.

शंकाच्या शंका बहुतेक वेळा वैताग आणायच्या, पण या शंकेने ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. फॅन भरपूर वीज खातो. बारीक दिवा अगदी थोडी. आत्याचं मशीनही ऊब बंद असताना थोडीच खात असणार. म्हणजे जो जास्त मागतो त्याला हा डबा देतो आणि जो थोडं मागतो त्याच्याकडे लक्षच देत नाही.

"त्याला वाटतं, इथे कुणीच नाहीये," ताई सावकाश म्हणाली. "मग तो दुकान बंद करून झोपतो."

"वर्गात गप्प बसलेल्या मुलाची गैरहजेरी लावल्यासारखं," मीटर म्हणाला. त्याचं तोंड पूर्ववत सुरू झालेलं पाहून ताईला बरं वाटलं.

"पण असं वागायला त्याला सांगितलं कुणी?" शंकाने विचारलं आणि ती पडद्याला नाक टेकवून बघू लागली. टक्के दिसत होते, बॅटरीचं चित्र दिसत होतं आणि कोपऱ्यात ते हिरवं पान. "बाबांनी हे पान लावलंय ना? मग हे काढून बघू या."

पानाचं बटण जरा दाबून धरावं लागलं. पान गेलं. बारीक दिवा पुन्हा लावला, हात पुन्हा मांडीखाली गेले. दिवा जळत राहिला. मघापेक्षा कितीतरी जास्त वेळ झाला तरी जळत राहिला. पान म्हणजे वीज वाचवायची सोय होती. कुणी फारसं वापरत नसेल तर डब्याने स्वतःहून बंद व्हायचं, एवढाच त्या पानाचा अर्थ होता.

मुलांनी काकांना बोलावून सगळा प्रयोग दाखवला. काकांनी पान लावून पाहिलं, पान काढून पाहिलं आणि मान खाजवली.

"मीटर, सॉरी रे," ते म्हणाले. काकांचं हे चांगलं होतं. चूक कळली, की ते आढेवेढे घेत नसत. "चला, प्रश्न मिटला. लाल डबाच नेऊ. रात्रभर चालेलच."

पण ताई पडद्याकडे बघत होती. तिने दिवाही काढून टाकला होता आणि डबा नुसताच सुरू ठेवला होता. आतला त्याचा स्वतःचा पंखा घुंई घुंई करत होता आणि काहीही लावलेलं नसताना टक्के हळूहळू उतरत होते. डबा स्वतःच स्वतःची वीज खात होता.

"काका, दुकानदार नक्की काय म्हणाले होते?"

"सांगितलं ना. चालेल म्हणाले."

संध्याकाळी ताई, मीटर आणि शंका काकांना घेऊन दुकानात गेली. दुकान छोटं आणि माल उदंड. छताला पंख्यांची पाती टांगलेली, काउंटरवर वायरींची भेंडोळी आणि दुकानदाराचा फोन कायम कान आणि खांदा यांच्यात अडकलेला. एका वेळी फोनवरच्याशी आणि समोरच्याशी बोलायची त्याला सवय होती. ताईने तिथे उभं राहून थोडा वेळ फक्त ऐकलं. दुकानदार प्रत्येकाला तेच सांगत होता. उद्या नेलं तर चालेल. दुसरा रंग चालेल. सुट्टे नसले तरी चालेल.

ताईने शंकाच्या कानात काहीतरी सांगितलं. शंकाने टाचा उंचावून काउंटरवर हनुवटी टेकवली.

"काका, लाल डब्यावर मिक्सर चालेल?"

"चालेल," दुकानदार म्हणाला आणि फोनवर कुणाला तरी पत्ता सांगू लागला.

"इस्त्री?"

"चालेल."

"समोरच्या इमारतीची लिफ्ट?"

"चालेल, चालेल," दुकानदार म्हणाला आणि मग त्याने फोन खांद्यावरून काढला. "काय म्हणालीस तू?"

दुकानातली दोन गिऱ्हाईकं हसली. शंकाचे बाबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू लाल डब्याच्या रंगाला येत होता.

"अहो, मी तुम्हाला विचारलं होतं ना," काका म्हणाले, "रात्रभर चालेल का म्हणून?"

दुकानदाराला चांगलं आठवत होतं. "हो की. तुम्ही विचारलंत, रात्रभर चालेल का. मला वाटलं, रात्रभर चार्जिंगला लावून ठेवलं तर चालेल का, असं विचारताय. सगळे तेच विचारतात. म्हणून म्हटलं, चालेल."

"म्हणजे मशीन रात्रभर चालेल, असं तुम्ही म्हणालाच नव्हता?"

"कुठलं मशीन?" दुकानदाराने विचारलं.

एकाने एक विचारलं, दुसऱ्याने दुसरंच ऐकलं आणि एक शब्द मधल्यामध्ये दोघांना उल्लू बनवून गेला. मीटरने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला.

ताईने आता नीट विचारायला सुरुवात केली. "चालेल" असं उत्तर देताच येणार नाही, असेच प्रश्न तिने निवडले. मशीन किती वीज खातं, ते तिने मशीनच्या पाठीवरून वहीच्या कागदावर उतरवून आणलं होतं. तेवढ्या विजेवर लाल डबा किती वेळ टिकेल, राखाडी किती वेळ टिकेल, डबा स्वतः किती खातो आणि प्लगऐवजी दुसरं कुठलं भोक वापरलं तर काय होईल? दुकानदाराने फोन बाजूला ठेवला. दोन-तीन प्रश्नांना त्याने "बघावं लागेल" असं उत्तर दिलं आणि खरंच माहितीपत्रक उघडून बघितलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याला आजवर कुणी इतकं नेमकं विचारलंच नव्हतं.

निघताना एक गोष्ट पक्की कळली होती. बॅटरीतली वीज भिंतीच्या प्लगसारखी करण्यातच डब्याची बरीच ताकद जाते. राखाडी डब्याला एक गोल, जाड भोक होतं, मोटारीत फोन चार्ज करायला असतं तसं. तिथून बॅटरीची वीज सरळ बाहेर येते, मधली उठाठेव नाही. लाल डब्याला रंगीत दिवे होते, पण हे भोक नव्हतं.

"पण मशीनची वायर त्यात बसायची कशी?" शंकाने घरी येता येता विचारलं.

काका चालता चालता थबकले. "अरे, मशीनबरोबर एक वायर आली होती. तिचं टोक असंच गोल होतं. मला वाटलं, चुकून आली असेल."

ती वायर कपाटाच्या खालच्या खणात अजून पिशवीत बंद होती. इतके दिवस घरातल्या कुणालाही ती उघडून बघावीशी वाटली नव्हती. ताई आत्याच्या खोलीत गेली आणि तिने सगळं सांगितलं. पान, बारीक दिवा, दुकान, लिफ्ट, सगळं. लिफ्टपाशी आत्या हसली. मग ताईने तिला, मशीन जिथून आणलं होतं त्या दवाखान्यात फोन लावायला सांगितलं. वायर त्याच मशीनची आहे, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. दोन रात्री ऊब बंद ठेवली तर हरकत नाही ना, हे आत्याने डॉक्टरांनाही विचारून घेतलं. हरकत नव्हती.

"आज रात्री राखाडी डब्यावर झोपून बघ," ताई म्हणाली. "इथेच. घरात. बंद पडला तर भिंतीचा प्लग हाताशी आहे."

आत्याने तिच्याकडे बघितलं. "आणि नाही बंद पडला तर?"

"तर कपाटातली टोपी पिशवीत."

सकाळी मुलं दात न घासताच आत्याच्या दाराशी जमली. काका आधीच तिथे उभे होते, चहाचा कप हातात तसाच. दार उघडलं. आत्याच्या गालावर मुखवट्याच्या पट्ट्यांचे वळ होते आणि डोळे चांगले टवटवीत होते. राखाडी डब्याच्या पडद्यावर निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक होती. म्हणजे आजच्यासारख्या दोन रात्री आरामात निघाल्या असत्या.

"एकदाही जाग आली नाही," आत्या म्हणाली आणि कपाटाकडे गेली.

काकांनी लाल डबा स्वतःच्या हाताने दुकानात परत नेला. जाताना म्हणाले, की मी डबा विकत घ्यायला गेलो आणि दिवे विकत घेऊन आलो. तुमची डोकी नसती तर या वर्षीही आत्या घरीच बसली असती. शंकाने बाबांची ही कबुली ऐकली आणि तिला त्यावर एकही शंका आली नाही.

तळ्याकाठची पहिली सकाळ उजाडली तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि आजूबाजूला आणखी चार-पाच तंबू होते. ताई बाहेर आली. आत्याच्या तंबूची चेन उघडी होती. आत राखाडी डबा मुकाट्याने आपलं काम करत होता आणि आत्या उठून बसली होती. मुखवटा अजून नाकावरच होता.

समोर शेजारच्या तंबूतली एक पाच-सहा वर्षांची मुलगी उभी राहून टक लावून बघत होती. आता आत्या टॉवेल शोधणार, असं ताईला वाटलं.

आत्याने टॉवेल शोधला नाही. तिने सावकाश पट्ट्या सोडल्या, मुखवटा काढला आणि त्या मुलीसमोर धरला.

"बघायचाय? ये," ती म्हणाली. "झोपेत मी श्वास घ्यायला विसरते. मग हा मला आठवण करून देतो."

मुलीने एक बोट पुढे करून नळीला हात लावला. "दुखतं का?"

"छे. गेल्या वर्षी मला याची लाज वाटायची, म्हणून मी इथे आलेच नाही. नुसता वेडेपणा." हे तिने त्या मुलीला सांगितलं, पण बघत होती ती ताईकडे. ताईने तंबूत शिरून आत्याला घट्ट मिठी मारली आणि मागून आलेले मीटर आणि शंका त्यात कसेबसे घुसले.

"पुरे, पुरे. श्वास कोंडेल माझा," आत्या म्हणाली, पण तिने कुणालाच दूर केलं नाही.

मग तिने टोपी चढवली आणि काठावर जाऊन अशी हाक मारली, की पलीकडच्या झाडावरचे पक्षी उडाले. काका दचकून तंबूबाहेर आले. मीटर आणि शंका पाण्याकडे पळत सुटले. शेजारची मुलगी काठावर घुटमळली. मला पण शिकवाल का, असं तिने विचारलं.

"आईला विचारून ये," आत्या म्हणाली आणि गुडघाभर पाण्यात तिची वाट बघत उभी राहिली.